जुन्या यंत्राचा नवा सांधा

नांगराचा फाळ झिजला म्हणून शेतकरी नांगर फेकून देत नाही. तो फाळ बदलतो आणि नांगरट चालू ठेवतो. संगणकाच्या बाबतीत मात्र हे साधे शहाणपण आपल्या संस्थांना पारखे झाले आहे. प्रिंटर बिघडतो, नवा प्रिंटर जुन्या संगणकाला जोडता येत नाही, म्हणून संगणक टाकाऊ ठरतो; संगणक टाकाऊ ठरला की त्यातील आज्ञावली जाते; आणि आज्ञावली गेली की तिच्यात साठवलेले कित्येक वर्षांचे हिशेब व नोंदी असूनही वाचता येईनाशा होतात. या मालिकेची सुरुवात कोठे होते हे नीट पाहिले, तर दोष यंत्राच्या वयाचा नसून सांध्याचा आहे, असे आढळून येईल.

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नेसरी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर यांनी तेथे केलेल्या आत्मार्पणामुळे. परंतु आजचे नेसरी ही पंचक्रोशीची बाजारपेठही आहे. शाळा, महाविद्यालय, ग्रामपंचायत, सेवा सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था हा अशा गावचा नित्याचा संसार असतो आणि त्यातील प्रत्येकाच्या एखाद्या टेबलावर संगणक येऊन बसलेला असतो. ही सामग्री एकाच वेळी आलेली नसते. संगणक एका योजनेतून मिळतो, प्रिंटर दुसऱ्या वर्षीच्या शिलकीतून घेतला जातो, अंगठ्याचा ठसा घेणारे उपकरण तिसऱ्याच खात्याच्या आदेशाने येते. तीन वेगवेगळ्या काळांत जन्मलेली ही यंत्रे एकमेकांशी बोलती करण्याचे काम अखेर कारकुनाच्या किंवा संगणक शिकवणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. त्याला त्याचे शिक्षण कोणी दिलेले नसते. आणि काम अडले की ठपका मात्र त्याच्यावर येतो.

शहरातील मोठी कचेरी अशा वेळी सरळ सगळी सामग्री बदलून टाकते. खेड्यातील संस्थेला ते परवडत नाही. म्हणून जुन्या संगणकाला नवी उपकरणे जोडणे हा हौशी मंडळींचा खेळ नसून ग्रामीण कारभाराचा एक गंभीर प्रश्न आहे.

सांध्याच्या तीन पातळ्या

हा प्रश्न समजून घेण्यास कोल्हापूरकरांना दूर जावे लागणार नाही. या जिल्ह्यात ऑइल इंजिनाने काय काय चालवले, हे जुन्या पिढीला सांगायला नको. एकच इंजिन विहिरीवर पंप चालवी आणि पिठाची गिरणीही फिरवी. इंजिन कोणाचे आणि गिरणी कोणाची, हा प्रश्न आड येत नसे, कारण दोहोंच्या मध्ये पट्टा आणि पुली होती. पुलीचा व्यास आणि फेऱ्यांचा हिशेब जमला की काम भागे. तो सांधा सर्वांना खुला होता. त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग घडवणारे कारागीर कोल्हापूरच्या उद्यमनगरात तयार होऊ शकले.

संगणकाचा सांधा याहून गुंतागुंतीचा आहे, पण अगम्य नाही. तो तीन पातळ्यांवर जुळावा लागतो. पहिली पातळी प्लगची आणि पिनांची. दुसरी विजेच्या संकेतांची. तिसरी भाषेची, म्हणजे संगणकाने पाठवलेली आज्ञा उपकरणाला कळते की नाही याची. बाजारात मिळणारा अडॅप्टर पुष्कळदा पहिलीच पातळी सांधतो आणि खरेदी करणाऱ्याची समजूत होते की सर्व काही सांधले गेले.

कीबोर्डचे उदाहरण घ्यावे. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या गोल पीएस/२ खोबणीत नवा यूएसबी कीबोर्ड बसवण्यासाठी बोटभर लांबीचा अडॅप्टर मिळतो. त्यात नुसत्या तारा असतात. कीबोर्डला स्वतःला दोन्ही पद्धती अवगत असतील तरच तो चालतो, एरवी मुका राहतो. दूध संस्थेतील इलेक्ट्रॉनिक काटा किंवा फॅट मोजणारे यंत्र पुष्कळदा आरएस-२३२ या सीरियल पद्धतीने बोलते. ही पद्धत १९६० साली प्रथम ठरली आणि आजही काम देते. काट्यासाठी जुन्या संगणकावर खोबण असते, नव्यावर बहुधा नसते. तेव्हा काही शे रुपयांचे यूएसबी-सीरियल साधन मध्ये घातले की काम होते. मात्र आरएस-२३२ चे संकेत अधिक-उणे १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतात. आजकालच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाट्या ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालतात. दोन तारा थेट जोडून पाहण्याची घाई केली तर नवी पाटी जळते आणि दोष मात्र जुन्या काट्याला दिला जातो.

सर्वांत अधिक फसगत होते ती प्रिंटरच्या बाबतीत. सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० च्या सुमारास रूढ केलेली पॅरलल जोडणी पुढे तीन दशके सर्व प्रिंटरांची राजवाट होती. जुनी हिशेबाची आज्ञावली त्या पोर्टच्या पत्त्यावर थेट अक्षरे पाठवते. नव्या संगणकावर तो पोर्ट नसतो. यूएसबीतून पॅरलल करणारी केबल आणली तरी ती खरा पोर्ट निर्माण करीत नाही, केवळ प्रिंटरची बतावणी करते. जुन्या आज्ञावलीला हवा तो पत्ता रिकामाच आढळतो. उलट बाजूने, जुन्या संगणकाला आजचा स्वस्त प्रिंटर जोडावा तर त्याला स्वतःला अक्षरांची ओळखच नसते. पानाचे चित्र संगणकाने रंगवून द्यावे, त्याने ते फक्त उमटवावे, अशी त्याची रचना असते. ते चित्र रंगवणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली जुन्या संगणकासाठी कोणी लिहिलेलीच नसते. अशा ठिकाणी प्लग जुळूनही कागद कोराच बाहेर येतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. पॅरलल आणि यूएसबी अशा दोन्ही जोडण्या असलेले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आजही विकत मिळतात, आणि कार्बनच्या प्रतीसाठी त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. दोन काळांच्या मध्ये दुभाष्या म्हणून एखादा छोटा संगणकही बसवता येतो. २०१२ साली ब्रिटनमध्ये निघालेला तळहाताएवढा रास्पबेरी पाय हे काम उत्तम करतो. सामान्य कचेरीला मात्र हे सारे कोणी सांगत नाही. दुकानदाराचे हित नवा संच विकण्यात असते, आणि त्याबद्दल त्याला दोष तरी कसा द्यावा?

मराठीचा धडा

खुल्या सांध्याचे महत्त्व मराठी माणसाला तर विशेष करून पटावे, कारण संगणकावर मराठी आली तीच मुळी अशा सांध्यातून. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याला इंग्रजीखेरीज काही येत नव्हते. परंतु त्याच्या आत जादा पत्रे बसवण्यासाठी खाचा ठेवलेल्या होत्या आणि यंत्राची अंतर्गत रचना कंपनीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. या उघडेपणाचा फायदा भारतीय अभियंत्यांनी घेतला. कानपूरच्या आयआयटीत देवनागरीवर झालेले संशोधन पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेत विस्तारले. त्यातून आलेले ‘जिस्ट’ कार्ड हे मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांचे कर्तृत्व. हे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या आज्ञावल्या, त्यांच्यात एक अक्षरही न बदलता, देवनागरी दाखवू लागत. मूळ यंत्राने मराठी शिकण्याची वाट कोणी पाहिली नाही. त्याला मराठी जाणणारा एक सोबती जोडून देण्यात आला.

याहून दूरदर्शीपणाची गोष्ट अशी की, या योजनेत अक्षर आणि अक्षराचे रूप यांची फारकत केलेली होती. साठवण ‘इस्की’ या प्रमाण संकेतात होई. भारतीय मानक संस्थेने तो १९९१ साली आयएस १३१९४ म्हणून स्वीकारला. जोडाक्षरे जुळवून पडद्यावर दाखवणे हे कार्डाचे काम असे. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी करताना १९८८ च्या इस्कीचाच आधार घेतला. त्यामुळे त्या काळचा इस्कीतील मजकूर आज हाती आला तर नियमाने युनिकोडमध्ये आणता येतो. कार्ड गेले, ते संगणक गेले, पण मजकूर तरला.

याच्या नेमके उलट छपाईच्या क्षेत्रात घडले. निरनिराळ्या उत्पादकांनी आपापल्या फाँटसाठी आपापले संकेत वापरले. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडला की अक्षरांची खिचडी होई. काही आज्ञावल्यांना तर पॅरलल पोर्टवर बसवायचे ‘लॉक’ असे; ते नसेल तर आज्ञावली सुरूच होत नसे. आता तो पोर्टच नाहीसा झाला आहे. अशा स्मरणिका, शालेय अंक, प्रश्नपत्रिका आणि कार्यवृत्ते किती कपाटांत अडकून पडली असतील, याचा अंदाज प्रत्येक शिक्षकाने आपल्याच शाळेवरून करावा. जिस्टने मराठीला सांधा दिला, या कुलपांनी तो हिरावून घेतला. दोन्ही गोष्टी एकाच दशकाच्या आगेमागे घडल्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

वारणेचा अनुभव

तथापि जुने ते सर्व जपावे, असा याचा अर्थ केला तर तो एकांगीपणा ठरेल. या बाबतीत कोल्हापूर जिल्ह्याच्या पदरी एक मोलाचा अनुभव आहे. नेसरी जिल्ह्याच्या दक्षिणेला, तर वारणानगर उत्तरेला. तेथे १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ हा देशभर गाजलेला प्रकल्प सुरू झाला. वारणा परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या गावांत संगणक बसवून ऊस, खत, बिले यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्याचा हेतू होता. त्याखेरीज बाजारभावापासून शिक्षणापर्यंत पुष्कळ अपेक्षा त्याच्याशी जोडल्या गेल्या होत्या.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी त्याची पाहणी केली. ५४ गावांतील संगणकांवर प्रत्यक्षात जे काम होत होते ते मुख्यतः उसाचे वजन, खताची खरेदी अशा ठरावीक आकड्यांची देवाणघेवाण एवढेच होते, आणि त्यासाठी जुन्या होत चाललेल्या संगणकांची देखभाल महाग पडत होती. तेव्हा सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग करण्यात आला. गावच्या संगणकाऐवजी मोबाइल फोन ठेवले, कारखान्याकडील संगणकाला संदेश घेणारा-देणारा फोन जोडला, आणि सारे काम एसएमएसवर चालवले. ही पद्धत स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांनाही अधिक रुचली. तिचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला.

या अनुभवाचे सार असे की, यंत्र ठेवावे की काढावे याचा निर्णय त्याच्या वयावरून नव्हे, तर कामावरून करावा. वारणेत काम लहान होते, म्हणून गावचा संगणक निघाला. पण माहितीचा साठा राहिला आणि त्याला नव्या उपकरणाचा सांधा मिळाला. ‘जुने टाका’ आणि ‘जुने जपा’ या दोन्ही घोषणांपेक्षा हा विवेक अधिक मोलाचा आहे.

मर्यादांची जाणीव

एक मर्यादा तर स्पष्टच सांगितली पाहिजे. जुन्या संगणकाला नवा प्रिंटर किंवा काटा जोडणे वेगळे आणि तो संगणक इंटरनेटला जोडणे वेगळे. विंडोज एक्सपीला उत्पादकाकडून मिळणारे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या उपद्रवी आज्ञावलीने इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले, ते दोन महिने आधीच उपलब्ध झालेली दुरुस्ती न बसवलेल्या संगणकांमुळे. पतसंस्थेच्या खातेदारांची माहिती असलेला जुना संगणक म्हणूनच आतल्या खोलीत, जाळ्यापासून अलग राहिला पाहिजे. फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह चालवणारी साधने आली आहेत. पण तो पेन ड्राइव्हदेखील रोग वाहून आणू शकतो, याचे भान हवे.

जुन्या यंत्रांशी झुंजणे हे केवळ गरिबांच्या नशिबी आले आहे, असेही समजू नये. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलांना आदेश पोहोचवणारी यंत्रणा १९७० च्या दशकातील संगणकांवर आणि आठ इंची फ्लॉपीवर चालते, असे तेथील सरकारी लेखापरीक्षकांनी २०१६ साली नोंदवले. त्या फ्लॉपींची जागा आधुनिक साठवणीने घेतल्याचे वृत्त २०१९ साली आले. सोनीने फ्लॉपीचे उत्पादन २०११ साली थांबवले, तरी जपानच्या सरकारी नियमांतून तिची सक्ती पूर्णपणे जायला २०२४ साल उजाडले. फरक इतकाच की, त्या देशांत हा प्रश्न लेखापरीक्षक आणि मंत्री यांच्यापुढे येतो. आपल्याकडे तो एकट्या कारकुनापुढे येतो.

खरेदीपूर्वीचे प्रश्न

आणि नेमके याच वेळी या प्रश्नाला तातडी आली आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नवी सामग्री येते हे स्वागतार्हच आहे. पण नवे आले की जुन्याचे निर्लेखन होते, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये एक ओळ मारली जाते आणि संगणक भंगारात जातो. त्यातील नोंदी कोणी काढून घेतल्या का, हे विचारणारा रकाना त्या रजिस्टरात नसतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या कर्जमुक्ती योजनेत १ एप्रिल २०१५ पासूनच्या पीककर्जाची नोंद पाहिली गेली. चार-साडेचार वर्षांपूर्वीची एक ओळ वाचता येणे किंवा न येणे यावर एखाद्या कुटुंबाचे दोन लाख रुपये अवलंबून असू शकतात. सांध्याचा प्रश्न हा असा थेट माणसाच्या चुलीपर्यंत जाऊन भिडतो.

म्हणून काही साध्या गोष्टी नियम म्हणून व्हायला हव्यात. खरेदीच्या मागणीपत्रात केवळ ‘प्रिंटर एक नग’ असे न लिहिता तो कोणत्या संगणकाला आणि कोणत्या आज्ञावलीला जोडायचा आहे, ते लिहावे. कचेरीतील प्रत्यक्ष कागद छापून दाखवल्याखेरीज बिल मंजूर करू नये. उपकरणाची आज्ञा-पुस्तिका आणि ड्रायव्हर यांची प्रत संस्थेच्या ताब्यात असावी. विक्रेत्याच्या संकेतस्थळावर आज असलेले उद्या असेलच असे नाही. कोणताही संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यातील माहिती साध्या, सर्वांना वाचता येणाऱ्या स्वरूपात काढून घेतल्याचा दाखला जोडणे सक्तीचे करावे. खुल्या प्रमाणांची मागणी सरकारनेच खरेदीदार म्हणून लावून धरली, तर उत्पादकांना ती मान्य करावी लागेल. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलसाठी एकच टाइप-सी जोडणी बंधनकारक केली, ती ग्राहकाच्या हितासाठी कायद्याचा आग्रह धरूनच.

राहिला प्रश्न माणसांचा. १९९६ साली आलेल्या यूएसबी जोडणीच्या कर्त्यांपैकी एक अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. संगणकाला उपकरण जोडणे घरातील कोणालाही जमावे, दर वेळी जाणकाराला बोलवावे लागू नये, हा त्या जोडणीमागचा विचार. अशी बुद्धी महानगरांचीच मिरास नाही. नेसरीच्या परिसरातील अकरावी-बारावीच्या मुलांना संगणक म्हणजे परीक्षेपुरते शब्द पाठ करण्याचा विषय न ठेवता, शाळेच्या अडगळीतील एक संगणक उघडून दाखवावा. हा पोर्ट कोणता, हा संकेत किती व्होल्टचा, हा प्रिंटर का बोलत नाही, हे त्यांना स्वतः शोधू द्यावे. उद्या गावच्या दूध संस्थेचा काटा अडला तर कोल्हापूरहून माणूस येईपर्यंत उत्पादकांना रांगेत ताटकळत राहावे लागणार नाही.

उद्यमनगरातील मेस्त्रींनी इंजिन उघडून पाहिले, म्हणून जिल्ह्यात उद्योग उभा राहिला. संगणकाचे झाकण मात्र आपण अजून पुरेसे उघडलेले नाही. ते उघडण्याची वेळ, जुने संगणक भंगारात जाण्यापूर्वीचीच आहे.